मीटरचा कागद

भागाबाई : नाई, आधी सांग. सही कायची? सकाळीच रसमड्याच्या माह्या घरून आटोत बसवून आनलं मले भिलाईले, अन् रस्ताभर तोंड उघडलं नाई तू.

पुंडलिक : सांगतो ना बाई. तू माही सख्खी मोठी बहीन, तुह्यापासून काय लपवू? चहा तं घे.

भागाबाई : रजिस्ट्री ऑफिसात कोनी चहा पाजाले आनत नाई, पुंडल्या.

विजयकुमार : भैया, मैं बता दूँ? माताजी, मी इथं कागद लिहितो. हे दानपत्र आहे. स्मृति नगरचं मकान पुंडलिकभैयाच्या नावावर आहे ना, त्यातला आधा हिस्सा ते तुमच्या नावानं करून राहिले. टोकन सव्वीस आहे आपला, अभी एकवीस चालू आहे.

भागाबाई : माह्या नावानं? कावून?

पुंडलिक : विजयकुमारजी, दोन मिनिटं जरा...

विजयकुमार : हो हो, आप बात करो. मी फोटोकॉपी काढून आनतो.

(विजयकुमार निघून जातो.)

पुंडलिक : बाबा गेल्यावर तुले इथंच आनलं होतं, आठवते? म्हटलं होतं, लाइटचं मीटर माह्या नावावर कराचं हाय, तुही सही लागते.

भागाबाई : आठवते.

पुंडलिक : मीटरचा कागद नोता तो, बाई. हकत्याग होता. तुहा हिस्सा सोडल्याचा. बावीस वर्षं झाले. रेल मिलमधी ड्यूटी होती तोवर निभलं. आता रिटायर झालो, तं घर खायाले उठते.

भागाबाई : मले मालूम होतं.

पुंडलिक : काय?

भागाबाई : तू फोटो आनाले बाहेर गेला होता. साहेबानं मले इचारलं, बापाच्या घरातला हिस्सा सोडून राहिली, राजीखुशीनं ना? मी हो म्हटलं.

पुंडलिक : अन् मले बोलली नाई?

भागाबाई : काय बोलू? चार लोकाईत माहा भाऊ खोटा पडला असता. माय तुह्याचकडं राहात होती, तिचं काय झालं असतं? अरे, तू सरळ मागितलं असतं, तरी मी देलं असतं. तू मीटर म्हनला.

पुंडलिक : म्हनून येनं सोडलं तू? मी समजलो, तुह्या घरधन्याचा हात मशीनमधी गेला, म्हनून तुले निघनं होत नाई.

भागाबाई : तवाच तं मायपाशी येऊन राहावं वाटे. माही रेणू लहान होती, तिले घेऊन दोन डाव स्मृति नगरच्या मोडापर्यंत आली मी. हिस्सा सोडलेल्या घरात कोन्या तोंडानं थैली ठेवू? तिथूनच वापस गेली.

पुंडलिक : माय इचारे, भागी कावून येत नाई. मी सांगे, तिले टाइम नाई. तुह्या घरी येऊन एक डाव इचारलं नाई मी. भेव वाटे. इचारलं असतं, तं तो कागद निघाला असता.

भागाबाई : माय गेली तवा मी पोचली, तोवर तिले घाटावर नेलं होतं. अंगावर कोनतं लुगडं होतं रे?

पुंडलिक : हिरवं. तू देलं होतं ते. बिमारीत तेच मांगे.

(विजयकुमार परत येतो.)

विजयकुमार : चला भैया, सव्वीस लागला. माताजी, दान घेनं मंजूर आहे ना? अंदर बोलना पड़ेगा.

भागाबाई : मंजूर हाय. नाई कावून म्हनू? तवाही पाह्यजेच होतं मले. किरायाच्या खोलीत पोरगी वाढवली मी.

पुंडलिक : बाई, पायरी उंच हाय. हात दे.

भागाबाई : चढते मी.

(थोड्या वेळानं, ऑफिसच्या बाहेर.)

विजयकुमार : लो, हो गया! फोटो, बोटं, सही, सब. बधाई हो माताजी. मूळ कागद संध्याकाळपर्यंत भेटेल.

पुंडलिक : बाई, आता घरी चाल. तुह्या भावजयनं, नलूनं, सैपाक करून ठेवला. मायची खोली तशीच हाय. आता तं तुहंबी घर हाय ते.

भागाबाई : हो, हाय.

पुंडलिक : मंग?

भागाबाई : रसमड्याची बस इथूनच भेटते, का दुर्गले जा लागते?