पदराची मागची बाजू

मंडळी, आज नमनाला घडाभर तेल जाळत नाही. एकच प्रश्न विचारतो. उत्तर मात्र लगेच देऊ नका — आख्यान तिथंच संपेल, आणि विश्वस्त मला नुसत्या नारळावर बोळवतील!

प्रश्न असा — माणसाची खरी बाजू कुठली? जगाला दिसते ती, की स्वतःच्या अंगाला लागते ती?

पुढच्या रांगेतल्या काकूंनी मान डोलावली. काकू, कशाला डोलावली? मी तर दोन पर्याय दिले होते! असू दे. ऐका.

पुण्यात एक मुलगी. नाव शर्वाणी. जाहिरातीच्या कंपनीत मोठी नोकरी, बाराव्या मजल्यावर घर. आणि राहणी? अहो, गुडघ्यावर फाटलेली पँट घालायची, पण ती फाटलेलीसुद्धा परदेशात! दिवाळी आली की हिच्या फ्रिजवर यादी चिकटायची. देवाच्या पूजेची नव्हे — इच्छांची! वसुबारस ते पाडवा, पाच दिवस पाच पोशाख. उटणं थायलंडचं. करंजी बिनसाखरेची. — बिनसाखरेची करंजी! मंडळी, त्या करंजीच्या जिवाला काय वाटलं असेल?

हसा, हसा. पण नटण्याला मी नावं ठेवत नाही हं. आमचा देवच मुळी नटवा! पीतांबर काय, वैजयंती काय, मकरकुंडलं काय. तो नटतो नि आपण कळकट राहायचं, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

तर यादीतली शेवटची इच्छा — पाडव्याला हातमागावरची अस्सल पैठणी. समुद्रकाठी जायचं, मैत्रिणींबरोबर. सूर्य बुडत असताना पदर वाऱ्यावर सोडायचा आणि फोटो! असा फोटो, की बघणाऱ्यानं जेवण विसरावं.

येवल्याला सदूअण्णा म्हणून एक विणकर. त्यांच्याकडे हिनं आषाढातच पैठणी सांगून ठेवली होती. धनत्रयोदशीला द्यायचा वायदा. त्या दिवशी सकाळी ही स्वतः गाडी चालवत निघाली. अंगात पांढरेशुभ्र रेशमी कपडे, डोळ्यांवर केवढा थोरला काळा चष्मा. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला, संगमनेर आलं—

थांबा. संगमनेर नीट लक्षात ठेवा. तिथं हिचे वडील राहतात. भास्करराव. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. दोन वर्षांमागं हिची आई गेली. घरात एकटा माणूस. पाडव्याला त्या माणसाला ओवाळणारं जगात आता एकच कोणी उरलंय. कोण? बरोबर. आणि ती गावाबाहेरच्या रस्त्यानं, काचा वर करून, सुसाट निघून गेली!

का? तर वडिलांना सांगून ठेवलेलं — "बाबा, यंदा सुट्टीच नाही."

येवल्यात पोचली. अण्णांच्या घरात पाय ठेवला. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून अण्णा मागावर बसलेले.

"झाली का हो अण्णा?"

"या ताई, बसा. पदराची दोन बोटं राहिलीत."

"दोनच बोटं? मग अर्ध्या तासात होईल!"

अण्णा हसले. आतून त्यांच्या पत्नी, कलावतीकाकू, म्हणाल्या, "पोरी, जेवायलाच थांब. त्यांची दोन बोटं म्हंजे उन्हं कलतात."

काय करते? टेकली काठावर. आणि बघू लागली.

मंडळी, आता जरा माझ्याबरोबर तुम्हीही त्या मागाजवळ बसा. समोर उभे धागे ताणलेले — हजारो! केसासारखे. त्यांवर रेशमाच्या इवल्या इवल्या कांड्या लोंबताहेत, एकेका रंगाची एकेक. अण्णा एक कांडी उचलतात, चार धाग्यांखालून नेतात, सोडतात. दुसरी उचलतात, तीन धाग्यांखालून. सोडतात. तिसरी. चौथी. मोराची मान चाललीये! इथं हिरवा संपला, निळा लागला — कुठं लागला ते कळू नये! एक ओळ पुरी झाली, की मग खट्! एक ठोका. झालं किती? सुतभर! पुन्हा पहिल्यापासून.

तासाभरानं तिनं पाहिलं. मोराला डोळा उमटला होता. फक्त डोळा! पण असा, की त्यानं आपल्याकडे बघितलं असं तिला वाटलं. चष्मा कधी काढून ठेवला, तिलाच कळलं नाही.

पण घाई म्हणजे घाई! तिनं बघितलं, की अण्णा दर चार ठोक्यांनी खाली वाकतात, आरसा धरतात नि पदराची मागची बाजू तपासतात. कुठं सुटलेला धागा दिसला की तो आत घेतात. ती म्हणाली, "अण्णा, मागचं राहू द्या ना! वेळ वाचेल. मागची बाजू कोण बघतंय?"

— आता तुम्हीच सांगा, वाऱ्यावर पदर सोडणार होती ना ही? मग दिसली असती कुठली बाजू? पण घाई झाली की हुशारी आधी रजेवर जाते!

अण्णा काही चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, पुढची बाजू जगाची. मागची तुमची. ती तुमच्या अंगाला लागणार. तीच खरबरीत ठेवली, तर मी तुम्हाला काय नेसवलं?"

अहाहा! मंडळी, चार ग्रंथ वाचून जे मला उमगलं नाही, ते त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला ठाऊक!

आणि तेवढ्यात फोन वाजला. कुणाचा? संगमनेरचा!

"शरू, बाळा, कामात आहेस?"

"हो बाबा, ऑफिसात आहे. बोला पटकन."

"काही नाही गं. कंदील झालाय. यंदा बांबूच्या कामट्यांचा केलाय, चांदणीचा. टांगायचा राहिलाय. आपलं ते स्टूल डुगडुगतं ना, कुणीतरी धरायला हवं... पाडव्याला जमतंय का बघ. अर्धा दिवस जरी—"

"बाबा, सांगितलं ना! खरंच सुट्टी नाहीये. मीटिंग चालू होतेय. ठेवते."

फोन ठेवला. आणि तिच्या लक्षात आलं — घरात काही आवाजच नाही. माग थांबलेला! अण्णांचे दोन्ही हात मांडीवर. मान खाली.

"का हो अण्णा, थांबलात का? उशीर होतोय!"

अण्णा संकोचले. हळूच म्हणाले, "फोनमधून ठोका ऐकू गेला असता ताई. ऑफिसात माग नसतो ना."

(पेटीवाले, एक सूर द्या. नुसता सूर.)

मंडळी, त्या पोरीला त्यांनी बोल लावला नाही. उपदेश केला नाही. तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या भल्या माणसानं हात आवरला! कुठं तरी सुटलेला धागा दिसला, की तो आत घ्यायचा, एवढंच त्याला माहीत. तिचाही घेतला!

खट्. माग पुन्हा सुरू झाला. खट्. ती बसून राहिली. काकूंनी बाजरीची भाकरी नि ठेचा दिला, खाल्ला. पांढऱ्या रेशमावर ठेचा सांडला, तरी तिनं पुसला नाही. यादी आठवेना, समुद्र आठवेना. आठवत होतं काय? एक डुगडुगणारं स्टूल!

दुपार कलली. अण्णांनी पैठणी उतरवली, पदर तिच्या हातांवर पसरला. दारातून ऊन आलं, आणि मंडळी... जरीची तार पेटली! मोर उभे राहिले! तिनं पदर उलटला. मागंही तेच मोर, तोच डोळा, तीच निळाई. पुन्हा उलटला. पुन्हा उलटला.

"अण्णा... यातली सुलटी कुठली?"

अण्णा मनापासून हसले. "आता मलाच सांगता यायचं नाही! आमचा मोर दोन्हीकडून मोरच."

देवळात जाऊन जे होतं ना, ते तिला तिथं झालं. वाकून तिनं मागाला हात लावला, मग अण्णांच्या नि काकूंच्या पायांना.

परतीला पुन्हा संगमनेर आलं. आणि गाडी वळली! गावात वळली! दिवेलागण होत होती. अंगणात भास्करराव स्टुलावर चढलेले, एका हातात कंदील, दुसरा हात भिंतीला. गाडीचा आवाज ऐकून मान वळवली. "अगं, तू? ऑफिस—? ते राहू दे, आधी स्टूल धर!"

तिनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. कंदील टांगला. चांदणी उजळली.

मग घरात येऊन तिनं पैठणी त्यांच्या पुढ्यात ठेवली. चित्रकलेचे मास्तर ते. चष्मा लावला, पदर उलटून पाहिला, मोराच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "शरू, हे माणसाच्या हातानं झालंय?"

"हो बाबा. त्या माणसासमोर बसून मी तुमच्याशी खोटं बोलले. ऑफिसात नव्हते. सुट्टी होती. समुद्रावर जाणार होते मी."

भास्कररावांनी पदराची घडी घातली, तिच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पाडव्याला हीच नेस. आणि खोटं बोललीस, त्याला शिक्षा आहे. उद्या अभ्यंगाला डोक्यावर तेल मी थापणार. त्या महागड्या केसांचं काय व्हायचं ते होऊ दे!"

ती हसली की रडली, ते मला माहीत नाही. अण्णांना तिनं फोनवर सांगितलं, की पाडव्याला वडिलांना ओवाळलं. आणि म्हणाली, पैठणी उलटी नेसले की सुलटी, ते मात्र मला अजून कळलेलं नाही!

*जगा दावी एक बाजू, दुजी लागे माझ्या अंगा।*
*दोन्ही एक करी देवा, एवढेचि दे श्रीरंगा॥*

मंडळी, पदर माझ्याही खांद्यावर आहे, तुमच्याही. उलटून दाखवायची कुणाची तयारी आहे? मी तरी आधी मागचे धागे आत घेईन म्हणतो.

तर आरतीपूर्वी एक करा. "कामात आहे," असं सांगून ज्या कुणाला टाळलं असेल, त्याला आत्ता, इथूनच फोन लावा. हो, कीर्तनात! आज परवानगी आहे. "कुठे आहेस?" असं विचारलं, तर खरं सांगा.

अण्णांनी एका लेकीचं खोटं झाकायला माग थांबवला होता. तुमचं खरं ऐकू जावं, म्हणून मी पेटी थांबवतो, तबला थांबवतो.

हं. लावा. देवही थांबलाय.