हरीओम सरायचा बोर्ड अन् दोनशे बारावा पत्ता

आईची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द अन् शब्द खरा हाय, मी सोता तिथं हजर होतो... म्हणजे क्लासात नाई, क्लासाखालच्या खालिदच्या चहाटपरीवर होतो, अन् अर्धं मले खालिदनंच सांगितलं, अन् तो चहा गाळता गाळता सांगते म्हणून मधातलं मधातलं सुटते, ते मी भरून घेतलं. पण खरं हाय. अकरा दिवस, तुम्हाले सांगतो, अकरा दिवस एका धडधाकट माणसानं खुर्ची सोडली नाई, जेवण क्लासात मागवलं, अन् कायले? तर एक 'एस' लावाले!

वाशीमवाल्या मालेगावच्या स्टँडसमोर हरीओम सरायचा कॉम्प्युटर क्लास हाय, वरच्या माळ्यावर. खिडकीखाली हा एवढा मोठा पत्र्याचा बोर्ड: 'वाशीम जिल्ह्यातील कंपायलरचे एकमेव तज्ज्ञ'. आता कंपायलर म्हणजे काय, तर माणसानं लिहिलेलं मशीनले समजावून देणारा दुभाष्या. अरे, इथं सख्खे भाऊ बांधावर एकमेकाशी बोलत नाईत, मशीनशी बोलाची घाई कोणाले हाय? पण सर तज्ज्ञ. एकमेव. दुसरा कोणी उभाच राह्यला नाई तं एकमेवच असते माणूस.

सरायची शिकवाची तऱ्हा सांगतो. बावीस वर्षांत पोट्ट्यायच्या जर्नलचं पहिलं पान कधी उघडलं नाई. शेवटचं उघडाचं, लाल पेन काढाचा, 'तपासले' लिहाचं, खाली सही. एका तासात साठ जर्नलं! एसटीचा कंडक्टर बी इतक्या तिकिटा फाडत नाई.

तर एक दिवस इफ्रा, शिरपूरवरून येणं-जाणं करणारी पोट्टी, क्लासात सांगाले लागली का तिची दुरुस्ती एका कंपायलरमधी मंजूर झाली. हा कंपायलर कोण्या एकाच्या मालकीचा नाई, जगभरचे लोक मिळून फुकटात चालवतात. कोणीबी दुरुस्ती पाठवावी, तिथले जाणते तपासतात, पटली तं घेतात अन् यादीत नाव टाकतात. सरायनं विचारलं, दुरुस्ती काय केली? तर म्हणे, त्याच्या माहितीच्या पानायवर दुसऱ्या पानायचे इंटरनेटवरचे तीनशे पंचेचाळीस जुने पत्ते होते, त्यातल्या पाचायच्या 'http' पुढं 'एस' लावला. 'एस' लावला का पत्ता सुरक्षित, तुमच्या अन् त्या पानाच्या मधात कोणी डोकावत नाई.

सर असे हसले, असे हसले, का खाली माह्या बशीतला चहा हलला.

"याले काम म्हणते काय वो? हे तं भिंतीले चुना मारणं झालं. उरलेले तीनशे चाळीस मी एका दमात करून देतो. नाई मंजूर झाले तं तो बोर्ड सोताच्या हातानं उतरवतो."

त्या बॅचचे चाळीस पोट्टे ऐकून राह्यले! अन् मालेगावात चाळीस पोट्ट्यायनं ऐकलं म्हणजे मेहकर फाट्यापर्यंत गेलं. झालं. बावीस वर्षांची इज्जत त्या पत्र्यावर टांगली माणसानं, अन् कायले? एक 'एस' लावाले.

सरायनं काय केलं? 'शोधा अन् बदला' म्हणते ना, ते बटण दाबलं. चहावर साय धरायच्या आत तीनशे चाळीस पत्ते सुरक्षित! देलं पाठवून.

तिकडं तपासाले एक बाई होती, कोण्या थंड मुलखातली. लई नम्र. ते लोक शिवी देत नाईत बरं, ते आभार मानतात, अन् आभारातच माणूस आडवा होते. बाईनं लिहिलं, आभारी हाय, आपण प्रत्येक पत्ता उघडून पाह्यला ना? आता इथं सरळ माणूस थांबला असता. पण सरायचा हात! त्या हातानं डोक्याले न विचारता लिहून टाकलं: 'तपासले.'

दुसऱ्या दिवशी बाईचं उत्तर: "पुन्हा आभार. दोनशे बाराव्या पत्त्यावर आपल्याले काय दिसलं, तेवढं सांगाल काय?"

सरायनं उघडला पत्ता. कुत्र्यायचे स्वेटर! कोण्या प्रोफेसरचं पान होतं कधीकाळी, त्यानं सोडलं, दुसऱ्यानं तो पत्ता धरला अन् दुकान मांडलं. निळे स्वेटर, पिवळे स्वेटर, गळ्याशी बटण. कंपायलरच्या माहितीत! अन् ते कमी होतं म्हणून का काय, कंपायलर बरोबर चालते का हे पाहाच्या चाचण्या बी मोडल्या, कारण त्यायच्या फायलीतले पत्ते बी त्या बटणानं बदलले. म्हणजे कसं, चूक ओळीतल्या कितव्या घरावर हाय हे कंपायलर मोजून सांगते. सरायनं मधात एक अक्षर घुसवलं, तं एसटीच्या बाकावर एक जास्तीचा माणूस बसला का सारे सरकतात, तसं पुढचं सारं सरकलं. मशीन म्हणे बेचाळीस, चाचणी म्हणे एक्केचाळीस. कायले? एक 'एस'...

हे सारं उघड्यावर बरं. जगात कोणीबी वाचावं. इफ्रानं वाचलं. तिनं सरायच्या टेबलावर सोताचं जर्नल ठेवलं अन् चौदावं पान उघडून देलं.

"सर, हे बी तुमी तपासेल हाय."

चौदाव्या अन् पंधराव्या पानावर तिच्या अम्मीची, अमीनाबीची, बिर्याणीची कृती. मीठ, मसाला, दम किती वेळ द्याचा, सारं निळ्या शाईत.

"दोन साल झाले सर. आमी वाटच पाहून राह्यलो का तुमी कायतरी म्हणसान."

सरायनं खुर्ची ओढली अन् त्या थंड मुलखातल्या बाईले लिहिलं: 'तपासले नव्हते. आता एकेक पाहतो.' तुम्हाले सांगतो, निवडणुकीत आपटलेला माणूस बी आपली चूक अशी लिहून देत नाई!

मंग ते अकरा दिवस. उघड पत्ता, वाच पान, कर नोंद. एकसष्ट पत्ते मेलेले, नऊ भलत्याच्याच ताब्यात, बाकीचे जिते. डोळे लाल, बोटं सुजली, पोट्टे पेरू आणून देत. चाचण्या बी सरळ केल्या. सरायले वाटलं, आता बोर्ड वाचला.

बाराव्या दिवशी बाईचं उत्तर आलं. आभार तं होतेच. पुढं लिहिलं होतं, का तुमची यादी पाहून आमच्या ध्यानात आलं, ही पानं आता वाचते कोण? म्हणून आमी ती पानंच काढून टाकली. दुरुस्ती बंद करतो. कळावे.

घ्या! अकरा दिवस घर झाडलं अन् मालकानं घरच पाडलं. सर खाली आले, खालिदच्या टपरीमागची शिडी घेतली, भिंतीले लावली. सारं स्टँड पाहून राह्यलं. मानोऱ्याची एसटी लागेल होती, तिच्या खिडकीतून बी मुंडकी बाहेर. सर तिसऱ्या पायरीवर चढले, हातात पाना, अन् खालून इफ्रा म्हणे:

"राहू द्या सर. तो कोणी वाचत नाई."

सर उतरले, शिडी ठेवली, अन् वर जाऊन साठ जर्नलं काढली. पहिल्या पानापासून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार झाली.

आता यात खोटं किती, तेवढं सांगून टाकतो, मनावर ओझं नको. बोर्डावरचे ते शब्द, 'एकमेव तज्ज्ञ' वगैरे, ते माह्ये. वीस वर्षं मी त्या बोर्डाखाली चहा पेतो, मान वर करून कधी पाह्यलं नव्हतं. परवा पाह्यलं. उन्हानं अक्षरं कवाचीच उडून गेली, नुसता पत्रा हाय. खालिदले विचारलं, काय लिहेल होतं रे त्याच्यावर?

तो म्हणे, "लिहेल होतं काय? मले वाटलं सरायनं माह्या टपरीले सावली केली."