हवेलीचा ओक कोणी वाचवला

आमच्या दवाखान्यात नंबर देत नाहीत. आत शिरताना “शेवटचं कोण?” असं विचारायचं आणि त्या माणसाच्या मागे बसायचं. त्या दिवशी माझ्या पुढे वालेंती आणि त्यांची शेजारीण झेनोबिया बसली होती, दोघंही सत्तरीपुढची.

“रविवारी जहागीरदाराच्या जुन्या हवेलीच्या बागेत ये,” वालेंती म्हणाले. “नवे मालक ओकच्या झाडाखाली पाटी बसवताहेत, आमच्या आजोबांच्या नावाची.”

“काय लिहिलंय?”

“‘यांनी हा वृक्ष वाचवला.’”

“वाचवला? अरे, युद्धानंतर जहागीर मोडली तेव्हा बागेतलं एकेक झाड घराघरांत वाटलं, सरपणाला. ओक तुझ्या आजोबांच्या वाट्याला आला आणि तेही तोडायला निघालेच होते.”

“पण तोडलं नाही ना? हवेलीत शाळा आली, मग दूधकेंद्र आलं, शेवटी छप्पर पडलं. ओक राहिला.”

“कशाने तोडणार? एवढ्या बुंध्याला पुरेल अशी करवत गावात एकच, आमची. तुझे आजोबा मागायला आले आणि माझ्या आजोबांनी दिली नाही.”

“ते बांधाच्या भांडणापायी. झाडावरच्या प्रेमाने नव्हे.”

“असेना. त्यांनी नाही म्हटलं म्हणून झाड उभं आहे. पाटीवर त्यांचंही नाव घाल.”

“पाटी कोरून झाली, झेनोबिया.”

“बरं, राहू दे. करवत अजून आमच्या कोठारात टांगलेली आहे. या वेळी कोणी मागायला आलं तर नाही म्हणणार नाही.”

दार उघडलं. पाळी वालेंतींची होती.

“तू जा आधी, झेनोबिया.”

“पाटीचं काय ते आधी बोल.”