पूररेषेच्या आत

मुलगी : ...म्हणून आपल्या भागाचा पुराचा हिशोब मी केलाच नाही, बाबा. ऑफिसातल्या दुसऱ्या इंजिनिअरला दिला. त्या भागात माझं माहेर आहे, तेही त्याला सांगितलं नाही.

वडील : का? तुला येत नाही?

मुलगी : येतं, म्हणूनच. जुन्या पावसाच्या नोंदी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला द्यायच्या, आणि नदीला खरंच आलेल्या पुराशी ताडून बघायचं. जुळलं नाही की आतले आकडे थोडे हलवायचे. आपलं घर कोरडं निघेपर्यंत माझा हात थांबला नसता.

वडील : आम्ही घड्याळवाले तरी दुसरं काय करतो? पुढे जातंय, मागे पडतंय. केसभर सरकवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं.

मुलगी : तसंच. त्या इंजिनिअरने परीक्षा घ्यायला एक मोठा पूर मॉडेलपासून लपवून ठेवला होता. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पाणी आलं होतं ना, तो. नुसता त्या दिवसांचा पाऊस दिला, तर मॉडेलने पाणी बरोबर ओट्यापर्यंत आणून दाखवलं.

वडील : मग भरवशाचं दिसतंय.

मुलगी : तीच तर पंचाईत आहे. तेच मॉडेल म्हणतंय, आपलं घर पूररेषेच्या आत आहे. तसा पूर सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणार.

वडील : तो तर अलीकडेच येऊन गेला. म्हणजे आता पंचवीस वर्षं निवांत?

मुलगी : नाही हो. पूर काय नंबर लावून येतो? दरवर्षी पंचविसात एक शक्यता, पुन्हा नव्याने. पुढच्या पावसाळ्यातही येऊ शकेल. घर सोडावं लागेल, बाबा.

(वडील चष्मा काढून पुसत बसतात.)

मुलगी : मला फार वाईट वाटतंय.

वडील : सुटलो गं बाई.

मुलगी : काय?

वडील : सुटलो म्हटलं. पाऊस लागला की खुर्चीत बसून उजाडायची वाट बघायची. लोकांची घड्याळं माळ्यावर चढवायची, ओसरला की उतरवायची. कंटाळलो मी.

मुलगी : मग सांगायचं नाही का? मी आपली दर फोनला म्हणतेय, घर तसंच ठेवा.

वडील : म्हणूनच गप्प बसलो. तुला वाटलं असतं, आई गेल्यावर तिचं घर बाबांनी टाकलं.

मुलगी : कमाल करता. मी तुमच्यासाठी म्हणत होते. मला वाटायचं, तुमचा जीव या घरात अडकलाय.

वडील : माझा जीव तुझ्यात आहे. भिंतींचं काय घेऊन बसलीस?

मुलगी : मग चला माझ्याकडे. मागची खोली रिकामीच आहे, तुमचे जावई केव्हाचे मागे लागलेत. चौथा मजला आहे, नदीला यायचं तर जिना चढावा लागेल.

वडील : खिडकी आहे ना? माझ्या कामाला उजेड लागतो.

मुलगी : आहे, चांगली मोठी. पण बाबा, इतकं मनात होतं तर एक फोन करायचा. कुठलंही मॉडेल न लावता घेऊन गेले असते.

वडील : भीती वाटते, एवढंच कारण होतं गं माझ्याकडे. ते सांगायची लाज वाटली.