अप्पाजीचा जोडीदार

लिहून घ्या जी, मी मुकुटबनचा. जन्म इथलाच, शाळा इथलीच, अन् ती सुटली तेही इथंच. माहा बाप गावचा कोतवाल, डफडं वाजवून दवंडी द्यायचा, साहेब येऊन राह्यले, लेकरायले टीका टोचाची हाये, कापसाची खरेदी सुरू झाली, काही असलं की गल्लीगल्लीतून बापाचा आवाज. माह्या वाट्याले शेत नाही आलं, तो आवाज आला. त्याच्यावरच मी भोंगे घेतले, आवाज मोठा कराची मशीन घेतली, अन् झरी जामणीच्या जंगलातल्या पोडापर्यंत, म्हणजे कोलामायच्या वस्त्यायपर्यंत, माहा आवाज पोचवला. तोंड मात्र कोणी ओळखत नव्हतं. स्टँडवर मी चहा मागितला का लोक मागं वळून पाहत, भोंगा कुठी बांधला म्हणून.

अन् काय सांगू तुम्हाले, त्या आवाजानं मी जेवढा घोळ घातला तेवढा कोणी घातला नसंल. एकदा एक म्हातारा वारला तर मी त्याच्या चुलतभावाचंच नाव पुकारलं. सोयरे पांढरकवड्याहून रडत आले तर तो बुडा ओसरीत भाकर कुस्करून खाऊन राह्यलता, अन् त्यानंच इचारलं, कोण मेलं बावा? तेव्हापासून तो मले दिसला का म्हणे, गजा, आज कोणाले मारतं?

तर आता पक्षाचं सांगतो. आमच्या पक्षाचे या भागातले मोठे म्हणजे अप्पाजी. मोठी शेती, पांढरे कपडे, बोलणं मऊ. मी त्यायच्या सभेचा माणूस. सतरंज्या मीच टाकायच्या, भोंगे मीच बांधायचे, अप्पाजी येईपर्यंत लोकायले मीच बोलण्यात गुंतवायचं अन् ते गेल्यावर सतरंज्या झटकून घड्या मीच करायच्या. ती कापसाचा भाव पडल्याची वर्षं होती. व्यापारी कापूस हातात घेऊन असा टाकून दे जसा त्यात मेलेला उंदीर हाये. घराघरात कापूस भरून होता, माणसं त्याच्यावरच झोपत अन् अंग खाजवत सभेले येत. मी भोंग्यावरून ओरडे, कापसाले भाव भेटलाच पाहिजे, अन् लोक म्हणत, भेटलाच पाहिजे. भाव काही भेटला नाही. अप्पाजीले मात्र जिल्हा परिषदेचं तिकीट भेटलं.

आता आमच्याकडं असं हाये, जिल्हा परिषदेच्या गटाले एक उमेदवार राहते, अन् त्याच्या खाली पंचायत समितीच्या गणाले दुसरा. दोघं एकाच जीपमधी बसून मतं मागतात. त्या खालच्याले म्हणतात जोडीदार. जोडीदार चांगला असला तर वरच्याची गाडी निघते. त्या वर्षी अप्पाजीनं जोडीदार म्हणून कोणाले धरलं असंल? मले. काहून का माहा आवाज सगळ्यायच्या घरात गेलेला. अप्पाजी म्हणे, गजानन, लोकायनं तुले ऐकलं, आता पाहू दे. मी वापस आलो तर पायात चप्पल हाये का नाही ते कळत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सभा ठेवली. अप्पाजी नेहमीसारखे उशिरा. मी स्टेजवर, बाजूले बबन, जीपचा ड्रायव्हर, माहा दोस्त. मी त्याले हळूच म्हटलं, बबन्या, देव देते तं दोन्ही हातानं देते, इकडं तिकीट, तिकडं सिंधूले दिवस गेलेत. सिंधू म्हणजे माही बायको. दोन पोरी होत्या, हे तिसरं. आता मशीन चालू राह्यली हे मले कळायले पाहिजे होतं, माहा धंदाच तो हाये. पण सांगतलं ना तुम्हाले माहं. चारही भोंग्यायतून ती गोष्ट पुऱ्या बाजारात गेली. भाजीवाल्या बाया हसल्या, कोणी शिट्टी मारली, अन् एक बुडी ओरडली, पेढे आण बे मेंबरा!

तेवढ्यात अप्पाजी आले. त्यायले काही माहीत नाही. त्यायनं माहा हात वर धरला, हा माहा जोडीदार. तर समोरच्या पक्षाचा एक जण उठून उभा राह्यला, म्हणे, अप्पाजी, याले तिसरं होऊन राह्यलं, अन् कायद्यानं तिसरं झालं का मेंबरकी जाते, तुमचा जोडीदार पुढच्या वेचणीपर्यंत तरी पुरंल का? असे हसले लोक. सरकारनं तो कायदा तेव्हा नवाच केलता. मी भोंग्यावरून तोही पुकारला होता बरं, गावोगाव, बापाच्याच चालीत. पुकारणारा ऐकत थोडीच राहते!

दुसऱ्या दिवशी अप्पाजीनं बंगल्यावर बोलावलं. चहा दिला, तो मी बशीत ओतला. ते म्हणे, गजानन, कायद्याच्या हिशेबानं दोनच पाहिजे. आता लवकर हाये, डॉक्टरच्या हातात हाये, कायद्यातबी बसते. मी बशी फुंकत राह्यलो. मंग म्हणे, पक्षासाठी लोक जेलात गेले गा. तुले तं फक्त दवाखान्यात जायचं हाये, अन् तेबी तुले नाही, तिले. हे असं म्हणे अन् मान हलवून हसले, जसं माह्यावर उपकार करून राह्यले. निष्ठा म्हणजे काय, ते मले त्या बंगल्यात कळलं. निष्ठा आमची, पोट सिंधूचं, अन् खुर्ची त्यायची.

घरी आलो. सिंधू तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगतलं. तिनं मान वर नाही केली. म्हणे, तुम्ही काय म्हटलं त्यायले? मी म्हटलं, इचारून सांगतो म्हटलं. ती म्हणे, म्हणजे हो म्हटलं. मी म्हटलं, नाही वो, तसं नाही. ती म्हणे, मंग नाही म्हणून काहून नाही आले?  ज्या माणसाचा आवाज तीन मैलावर जाते त्याले स्वतःच्या घरात शब्द नाही भेटला. तिनं उरलेल्या शेंगा सोलल्या, सूप बाजूले सारलं. मंग ती म्हणे, मले हे पाहिजे होतं. पोरगं पाहिजे म्हणून नाही, मले पाहिजे होतं म्हणून. पण तुमच्या तोंडाकडं पाहिलं का वाटते, तुम्ही जन्मभर मले ऐकवसान, तुह्यापायी मेंबर झालो नाही. मले ते ऐकाचं नाही. चला.

पांढरकवड्याले गेलो. जीप अप्पाजीची, डिझेल अप्पाजीचं, बबन चालवून राह्यलता. जीपवर भोंगे तसेच बांधलेले, समोर अप्पाजीचा फोटो हात जोडून. सिंधू मागच्या सीटवर, सतरंज्यायच्या गठ्ठ्याले टेकून. हायवेवर ट्रकवाले हात दाखवत, त्यायले वाटे प्रचार चालू हाये. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं मले बाहेर काढलं अन् सिंधूले एकटीले इचारलं, तुही मर्जी हाये का? सिंधूनं हो म्हटलं. ते हो तिनं कसं म्हटलं, मले माहीत नाही. मी अंगणात उभा होतो. वापस येताना ती एकच बोलली, बबनभाऊ, गाडी हळू चालवा जी.

अन् आता ऐका. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी अप्पाजीनं जोडीदार बदलला. कापसाच्या जिनिंगवाल्या शेटचा साळा समोरच्या पक्षातून इकडं आला, त्याले धरलं. मी पळत बंगल्यावर गेलो, म्हटलं, अप्पाजी, आम्ही तर दवाखान्यात जाऊन आलो. अप्पाजीनं माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणे, गजानन, तू घरचा. घरच्याले थांबवता येते, पाहुण्याले नाही. मी काय केलं असंल? तिथं थुकलो असंन? नाही जी. मी म्हटलं, बरं. अन् पंधरा दिवस त्याच साळ्याचं नाव भोंग्यावरून पुकारलं, कर्तव्यदक्ष, तडफदार, तुमच्या हक्काचा. जीप आमच्या गल्लीतून गेली तेव्हा सिंधू बाहेर आली नाही. तिनं दार लावून घेतलं. कडीचा आवाज मले भोंग्याच्या वर ऐकू आला. साळा निवडून आला, अन् सभापतीच्या निवडणुकीत वापस आपल्या जुन्या पक्षात गेला. अप्पाजी म्हणे, राजकारणात असं चालते.

पाच वर्षं गेली. आमचा गण बायायले राखीव झाला. एक दिवस अप्पाजी स्वतः घरी आले, सोबत दोन माणसं. ओसरीत बसले, म्हणे, वहिनी, यावेळी जोडीदार तुम्ही. गजाननचा आवाज, तुमचं नाव. दोनच लेकरं, कायद्यात एकदम बसता. हे ते असे म्हणे जसं पेरणीची जमीन पाहून राह्यले. मी सिंधूकडं पाहिलं, माहं तोंड उघडलंच होतं, तिनं माह्याकडं पाहिलं अन् ते मिटलं. ती आत गेली, चहा घेऊन आली, सगळ्यायले दिला. मंग पदर खोचून समोर बसली अन् इचारलं, अप्पाजी, जोडीदारासाठी माह्या घरातून एक गेलं. तुमच्या घरातून काय गेलं? अप्पाजीनं चहा ठेवला. सोबतचा माणूस म्हणे, वहिनी, जुनं कायले काढता? ती म्हणे, मी नाही काढलं, तुम्हीच काढलं होतं. अन् कप घेऊन आत गेली. तिघं उठले, चपला घातल्या, गेले. त्यायनं दुसऱ्या गावची बाई धरली. तिचंही नाव मीच पुकारलं, पोट हाये ना जी.

आता भोंगा कमी झाला, लोकायजवळ मोबाईल आले. थोरली यवतमाळले नर्सिंग शिकून राह्यली, धाकली कॉलेजात हाये. सिंधू बोलते माह्यासंग, जेवाले वाढते, हसतेबी कधी. त्या दिवसाचं कधी बोलली नाही. मी एकदा इचारलं, तुले आठवण येते का वो? ती म्हणे, तुम्ही कायले इचारता, भोंग्यावरून सांगाचं हाये का? 

तुम्ही एवढं लिहून घेतलं, बसले, चहा घेतला, तुमचं भलं होवो. तुमची लेकरंबाळं सुखी राहो जी, जेवढी असतीन तेवढी. अन् ती मोजाले कोणी दुसरा तुमच्या दारात न येवो.