नव्व्याण्णव टक्क्यांवर ठप्प

नाही, पण मी काय म्हणतो, अडायचंच होतं तर दहावर अड ना! वीसवर अड! माणूस म्हणेल, जाऊ दे, आज नशिबात नाही, उठेल, पाय मोकळे करून येईल... पण नाही! ती पट्टी सरकते, सरकते, आपण खुर्चीच्या टोकावर, डोक्यावर तो हेडफोन, हात माऊसवर, आता उघडतंय, उघडतंय, उघडलंच... आणि नव्व्याण्णव टक्क्यांवर ठप्प! तुम्हाला सांगतो, मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली माणसं बाहेर काढली. आतून लोक बोंबलायचे, 'अहो मिस्त्री, काढा हो!' आणि मी वरून अगदी थंडपणे, 'घाबरू नका, सारखी बटणं दाबू नका, बघतोय.' आज मी आत अडकलोय, आणि वरून बघायला कुणी नाही!

आता तुम्ही म्हणाल, या वयात कॉम्प्युटरवर गेम? शोभतं का? आमची ही तेच म्हणते. 'राक्षस मारताय म्हणे! मोरीतलं झुरळ मारवत नाही तुमच्याच्याने, मला हाक मारता!' अहो, पण राक्षस मारायला जातोय कोण? मी मुलीला भेटायला जातो!

आमची मुलगी नोकरीसाठी लांब असते. फोन करते, नाही असं नाही. पण फोनवर आमचं बोलणं म्हणजे काय? मी म्हणतो, 'जेवलीस?' ती, 'हो. तुम्ही?' 'हो.' 'बरं.' 'बरं.' मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि शेवटी मी म्हणतो, 'आईला देतो.' संपलं! आणि आई मग तासभर बोलते. काय बोलतात कोण जाणे!

तर मागच्या सुट्टीत आली तेव्हा हा गेम तिनेच टाकून दिला. 'बाबा, रविवारी दुपारी दोघं खेळू.' पडकं शहर, त्यात पाण्याची एक उंच टाकी, टाकीवर आम्ही दोघं, खालून राक्षस चढतायत. आणि तुम्हाला सांगतो, काय चमत्कार झाला! पोरगी बोलायला लागली हो! 'बाबा, डावीकडून येतोय, गोळी घाला... हां, तर साहेबाने मला सगळ्यांसमोर झापलं... बाबा, मागे, मागे!... आणि मग मी जिन्यात जाऊन रडले... मेला का? मेला. दुसरा बघा.' असं! फोनवर सांगितलं असतं तिने हे? सात जन्मांत नाही! आणि मी पण बोलायचो. एका राक्षसाचा पाय धरून खाली ओढता ओढता मी तिला सांगितलं, तू गेल्यापासून घर खायला उठतं. समोरासमोर मी असलं काही बोलेन? आमच्या खानदानात कुणी बोललंय?

आणि अशाच एका रविवारी, राक्षस जरा कमी होते, ती म्हणाली, 'बाबा, एक सांगायचंय. चिडणार नाही ना?' म्हटलं, 'सांग की.' म्हणाली, 'बाबा, मी ना...' आणि ठप्प! राक्षस अर्ध्यात लटकलेला, पोरीचं तोंड उघडं, आणि सगळा पडदा निळा! बंद करून परत उघडतोय तर ही पट्टी... सरकते, सरकते... नव्व्याण्णव टक्क्यांवर ठप्प!

लगेच फोन लावला. 'काय गं, काय सांगत होतीस?' 'काही नाही, बाबा.' 'मी ना, काय?' 'अहो, फोनवर नाही जमत मला. तुम्ही नुसतं हं हं करता, मला वाटतं चिडलात. गेम सुरू होऊ दे, मग सांगते.' घ्या! हिला म्हटलं, तू विचार. हिने विचारलं. तर म्हणे, 'बाबांनाच आधी सांगायचंय.' आता आयुष्यात पहिल्यांदा पोरीला बाबांना आधी सांगायचंय, आणि बाबा कुठे? नव्व्याण्णव टक्क्यांवर! झोप लागेल का माणसाला? नोकरी गेली का, आजारी आहे का, कुणी फसवलं का... डोकं भणभणून गेलं.

मग काय, धरली मदतवाल्यांची लाइन. त्या मुलाचा आवाज असा की साखर विरघळावी. 'सर, आम्हाला अतिशय खेद आहे. तुम्ही एकदा बंद करून चालू केलंत का?' अरे, मला शिकवतोस? लिफ्टच्या धंद्यात निम्मं पोट त्याच्यावर भरलंय आम्ही! बरं, केलं. ठप्प. 'सर, साठलेल्या फायली पुसा.' पुसल्या. हिच्या भाचीच्या लग्नाचे फोटो पण गेले त्यात, ते अजून घरात सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. ठप्प! 'सर, गेम काढून परत टाका.' दिवसभर तो गेम उतरतोय, घरात कुणी इंटरनेटला हात लावायचा नाही, ही धुमसतेय... आणि संध्याकाळी? ठप्प!

'सर, चित्रं जरा हलकी करू या.' करा. सावल्या बंद. गवत बंद. पाणी बंद. झाडांची पानं बंद. भिंतींचे रंग बंद. राक्षसांचे नाकडोळे गेले हो, नुसते ठोकळे अंगावर येतायत, गोदामातली खोकी चाल करून आल्यासारखी! पण उघडला! म्हटलं, जिंकलो! टाकीवर चढलो, लांबून मुलगी येताना दिसली, तीही ठोकळाच, पण चालण्यावरून ओळखली... जवळ आली, आणि पडदा निळा! परत उघडावं तर पट्टी, आणि परत तिथेच अडली!

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने धूळ झटकली आणि म्हणाला, 'काका, म्हातारं झालंय.' म्हटलं, माझ्याकडे बघून बोलू नकोस, मशीनकडे बघून बोल. मग त्याच्या कोऱ्या करकरीत मशीनवर लावून बघितलं... तिथेही ठप्प! तो पण डोकं खाजवायला लागला. मला तर इतकं बरं वाटलं, काय सांगू! आणि मग घरी येताना इतकं वाईट वाटलं.

परत मदतवाला. 'सर, नवीन बदल केल्यापासून तुमच्या भागात असं सगळीकडेच होतंय. दुसरा खेळाडू जवळ आला की गेम कोसळतो, आणि मग उघडतच नाही. पण उपाय आहे, सर! सेटिंगमध्ये जा. "इतर खेळाडू दाखवा" लिहिलंय ना? तिथली खूण काढून टाका.' काढली. आणि काय सांगू तुम्हाला, गेम असा धावला, असा धावला! गवत आलं, सावल्या आल्या, राक्षसांना नाकडोळे परत आले! 'बघा सर, किती स्थिर!' म्हटलं, 'अरे, पण माझी मुलगी?' 'त्या दिसणार नाहीत, सर. आवाजही येणार नाही. तेवढं सोडलं तर स्थिर आहे.' 'अरे बाळा, माणसं काढून टाकली तर मी पण स्थिरच असतो की!' तो म्हणाला, 'धन्यवाद, सर.'

आता काय करता? म्हटलं, उघडलाच आहे तर बसू जरा. रविवारची दुपार. टाकीवर जाऊन बसलो एकटाच. गंमत बघा, डावीकडून राक्षस यायचा आणि मी गोळी घालायच्या आतच मरून पडायचा. एक पडला, दोन पडले... मनात म्हटलं, घ्या, हा नवीन बिघाड! आता राक्षसही आपोआप मरायला लागले! तेवढ्यात आतून ही ओरडली, 'अहो, खिडकीसाठी दुकानात तो निळा पडदा बघितला होता ना, तो आणू का?' मी हेडफोन न काढता इथूनच म्हटलं, 'आवडलाय ना तुला? मग आण घरी! मला काय विचारतेस!' आणि गेम बंद करून उठलो.

चप्पल पायात घालतोय तोच फोन. मुलगी! रडतेय की हसतेय, कळेना. 'बाबा... थँक्यू.' म्हटलं, 'अगं, कशाबद्दल?' 'मला वाटलं होतं तुम्ही आकांडतांडव कराल. पण तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत हो! सगळं ऐकून घेतलंत. अख्ख्या जन्मात माझं असं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आणि शेवटी म्हणालात, आवडलाय ना, मग आण घरी... बाबा, पुढच्या महिन्यात आणते.'

एक चप्पल पायात, एक हातात, तसाच दारात बसलो. म्हणजे ती तिथे होती! माझ्या डाव्या हाताला उभी राहून, राक्षस मारत मारत, सगळं सांगून मोकळी झाली! आणि माझा आवाज तिला जात होता, तिचा मला नाही! आता मला सांगा, कुणाला आणतेय? माणूस आहे, कुत्रा आहे, कोण आहे? कुठला, काय करतो, भुंकतो की बोलतो? पण विचारू कसा? ती म्हणतेय, तुम्ही ऐकून घेतलंत. तिला काय सांगू, की नाही गं बाई, तेवढंच नेमकं ऐकू आलं नाही? जमेल तुम्हाला? मला नाही जमलं. मी म्हटलं, 'हो. आण.' आणि सवयीने म्हटलं, 'आईला देतो.'

ही तासभर बोलली. फोन ठेवला आणि मला म्हणते, 'काय हो, मला काही सांगेना. म्हणाली, बाबांना सगळं माहितीये, त्यांनाच विचार. सांगा!' तेवढ्यात त्या मदतवाल्याचा मेसेज. 'सर, तुमची अडचण सुटली का? हो किंवा नाही दाबा.' दाबलं 'हो'. मुलीला हो म्हणून बसलोय, आता त्या बिचाऱ्याला कशाला नाही म्हणू!