घोड्याबरोबर कोण?

जनावरांच्या दवाखान्यात इंद्रजीत बाकावर बसला होता. बाहेर लिंबाखाली त्याचा घोडा पोट फुगून आडवा झाला होता. शेजारी शेळी घेऊन आलेल्या मनकर्णाबाई आणि एकेकाळी खुलताबादला टांगा हाकणारे हुसेनचाचा बोलत होते.

“काय झालं वो चाचा, त्या घोड्याला?”

“लग्नातल्या उरलेल्या पोळ्या चारल्या. त्याला आणलेल्या टेम्पोत अजून टोपलंभर हायेत.”

“दुष्काळात कडबा कुठंय? घातल्या असतीन मायेनं.”

“मायेनंच. पण घोड्याला उलटी होत नाय, बाई. गेलं ते आतच फुगतं.”

“मालकाला ठावं नसंल.”

“तेच तर. अब्बानं मला दोन वर्षं नुसती लीद काढायला लावली, मग लगाम दिला. आता पडेगावची जमीन प्लॉटिंगला गेली, हातात पैसा आला की लोक घोडा घेतेत. रिक्षाला लायसन लागतं, याला नाय. आधी परीक्षा घ्यावी सरकारनं.”

“मालक हाय कुठं पण?”

“दिसंना. घोडा तर सारखा या दाराकडंच बघतोय.”

मनकर्णाबाई इंद्रजीतकडं वळल्या. “तुम्ही काय आणलंय, दादा?”

“कुत्रं,” इंद्रजीत म्हणाला. “घरीच हाय. औषध न्यायला आलोय.”

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. “घोड्याबरोबर कोण आहे? डोकं धरायला माणूस पाहिजे.”

कुणीच उठलं नाही. मग हुसेनचाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मी हाय, साहेब.”